आनसाबाईंचा डावा अंगठा

माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा कोणकोणत्या भांड्यात घालू नये, यावर मी एक स्वतंत्र पुस्तक लिहू शकेन. जतकडचे एक डॉक्टर पित्ताशय चहाच्या बरणीत पाठवायचे, तेही आतला चुरा न झटकता. कराडच्या एकांनी भली मोठी गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबली होती. गाठ आत जाताना मऊ असते, फॉर्मलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या उग्र पाण्यात राहिली की रबरासारखी घट्ट होते. ती बाहेर येईना, तेव्हा आम्ही फडक्यात गुंडाळून बाटलीच फोडली. आणि एका आजोबांनी तर कहर केला. मुलीचा तुकडा घेऊन ते एस.टी.ने आले आणि कौतुकाने म्हणाले, "लय वास मारत हुतं त्ये पानी. वाटंत वड्यावर वतून टाकलं आन् सवच्छ धुऊन आनलंया बगा." तुकडा सडला होता. मी त्यांच्यावर इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला.

ओरडणं ही माझी जुनी खोड. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा हात आहे.

मी डॉक्टर नाही. सांगलीत ज्या प्रयोगशाळेत मी आयुष्य काढलं, तिच्या पाटीवर माझं नाव कधीच नव्हतं. पाटीवर सरांचं नाव. सर म्हणजे तिथले पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून रोग ओळखणारे. पण त्या डोळ्यासमोर काच ठेवायची कोणी? ती मी. सर्जन तुकडा काढतो, सर निदान करतात आणि मधलं सगळं माझ्याकडे. या मधल्याचं नाव कोणी विचारत नाही. संपादकांनी या अंकासाठी चार पानं मागितली, तेव्हा मी सहा पानांवर सौदा पक्का केला, तो एवढ्यासाठीच.

माझं काम असं. ओला, लिबलिबीत तुकडा तसाच कापला तर चिंध्या होतात. म्हणून आधी तो फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मग स्पिरिटमधून त्यातलं पाणी काढायचं आणि शेवटी वितळलेल्या मेणात बुडवायचा. मेण त्याच्या रंध्रारंध्रात शिरतं. मग पितळेचे दोन कोन समोरासमोर ठेवून त्याची चौकोनी पेटी करायची, तीत गरम मेण ओतायचं आणि चिमट्याने तुकडा त्यात बसवायचा. मेण थिजलं की झाली वडी. ती वडी यंत्रावर चढवून तिचे काप काढायचे. केस उभा चिरला तर जेवढा जाड राहील, त्याहून कितीतरी पातळ. ते काप एकाला एक चिकटून रिबिनीसारखे येतात. कोमट पाण्यावर सोडले की पसरतात. मग अंड्याचा पांढरा बलक पुसलेल्या काचेवर ते अलगद उचलायचे आणि निळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे. झाली काच तयार.

या सगळ्याचा जीव सुरीत असतो. आणि सुरीचं शिक्षण मला कोणत्याही कॉलेजात मिळालेलं नाही. वडील कराडजवळच्या आमच्या गावचे न्हावी. दगडावर वस्तरा कसा फिरवायचा, पट्ट्यावर कसा ओढायचा आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून धार कशी जोखायची, हे मी तिसरीत शिकलो. साताऱ्याच्या एका दवाखान्यात बाटल्या धुवायला लागलो, तिथला टेक्निशियन सुरीला धार लावता येत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. मी म्हणालो, "आना हिकडं." दुसऱ्या दिवसापासून बाटल्या दुसरा कोणीतरी धुऊ लागला.

पुढे सांगलीला सरांनी बोलावलं, तेव्हा मी तीन अटी घातल्या. काप काढायचं यंत्र मी निवडणार. सुरीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मला सूक्ष्मदर्शकातून बघायला द्यायचं. सर तिसऱ्या अटीला थबकले. "बबन, तुला बघून काय करायचंय?" मी म्हणालो, "सुतार दार करतो, त्याला घरात जाऊन बघू द्यायचं नाही का?" सर हसले आणि कबूल झाले. त्या अर्ध्या तासांच्या जिवावर मी दहा वर्षांत पुष्कळ काही बघून घेतलं.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. एके दिवशी आमच्या दारात एक बाई उभी राहिली. आमच्याकडे बाटल्या येतात, माणसं येत नाहीत. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हिरवं लुगडं. डाव्या हाताच्या अंगठ्याला पांढरी चिंधी बांधलेली आणि तो अंगठा एखादं लेकरू धरावं तसा उजव्या मुठीत धरलेला. मागे त्यांची मुलगी शोभा, अवघडलेली.

"रिपोट कुनी लिव्हला?" बाईंनी विचारलं.

"सर बाहेर गेलेत. तुम्ही कोण?"

"आनसाबाई. आष्ट्याकडनं आलोय. तुमी लिव्हलंय म्हनं, माज्या आंगठ्याला क्यान्सर हाय. डाक्टर म्हनतोय, सांद्यापासनं तोडायचा. परत बगा."

"मावशी, असं परत बघता येत नाही. बघितलंय ते बघितलंय."

"का येत न्हाई? वांगं घेताना आमी चारदा उलटून बगतो. आंगठा तोडताना येकदाच व्हय?"

मी चिडलो. पण वांग्याचा मुद्दा पटला. म्हणून मी दोघींना बसायला सांगितलं.

कहाणी अशी होती. नखाच्या कडेला काही वर्षांपूर्वी चामखिळीसारखं काहीतरी खरखरीत उगवलं. कोणी सांगितलं नखुरडं आहे, म्हणून आठवडाभर अंगठा लिंबात खुपसून ठेवला. कोणी चुना आणि सोडा लावून भाजलं. थोडं जायचं, परत यायचं. मग नख उचललं, कडेने पाणी सुटायला लागलं. शेवटी शोभाने सांगलीच्या सर्जनकडे आणलं. त्यांनी नखाकडेचा तुकडा काढून आमच्याकडे पाठवला, आणि आम्ही लिहून दिलं: त्वचेचा कर्करोग, आत उतरलेला.

"जीव वाचतोय ना मावशी? अंगठ्याचं टोकच तर जाणार," मी म्हणालो.

"ह्यो आंगठा माजा न्हाई," बाई म्हणाल्या. "सरकारचा हाय."

मला कळेना. तेव्हा शोभाने सांगितलं. तिचे वडील फौजेत होते. ते गेल्यावर आईला पेन्शन सुरू झाली. आईला सही येत नाही, दर वेळी हाच अंगठा उठवायचा, आणि कागदोपत्री सगळीकडे हाच. गावातल्या कोणीतरी सांगितलं होतं की अंगठा गेला म्हणजे माणूस बदललं, पेन्शन बंद.

"असं काही नसतं. दुसऱ्या बोटाचा ठसा चालतो," मी म्हणालो.

"तुमी लिव्हून देताय?"

मी हातातलं पेन खिशात घातलं.

"बँकेतल्याला इचारलं, त्यो म्हनला बघू. तुमी म्हनताय चालतो. डाक्टर म्हनतोय तोडा. आवं, समदी नुसती बोलत्यात. ह्याचा पयला ठसा माज्या मालकांनी माजा हात धरून उमटवलाय, फौजंच्या कागदावर. ते नसताना तो मी असा उचलून द्यू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तोडायचाच आसंल तर मी आशीच ऱ्हाते. काय व्हायचं ते हू दे."

शोभा रडायला लागली. म्हणजे प्रश्न एका अंगठ्याचा राहिला नव्हता. अंगठा गेला नाही तर ही बाई जाणार होती, आणि ते ती आमच्यासमोर शांतपणे ठरवत होती.

त्यांना घालवावं म्हणूनच मी म्हणालो, "बरं, वडी काढून बघतो." फडताळातून त्यांच्या नंबरची वडी काढली, खिडकीशी धरली आणि भिंग लावून पुन्हा बघितली.

कातडीचा तुकडा मेणात उभा बसवायचा असतो. कातडी म्हणजे थरावर थर. उभी कापली की वरचा थर, खालचा थर आणि मधली सीमा स्वच्छ दिसते. रोग त्या सीमेच्या वर आहे की सीमा फोडून खाली उतरलाय, यावर सगळं निदान उभं. ऊस घ्या. कांडं आडवं कापलं तर गोल चकती मिळते, उभं चिरलं तर लांब धागे. ऊस तोच. कातडीचा तुकडा आडवा पडला तर वरच्या थराची खाली लोंबणारी टोकं आडवी कापली जातात आणि काचेवर सुटी बेटं दिसतात, जणू काही रोग खोल जाऊन पसरलाय.

त्या वडीत तुकडा आडवा पडलेला होता. आणि तो मी पाडला होता.

तो दिवसही आठवला. मेणाच्या व्यापाऱ्याचा माणूस दारात उभा होता. त्यांनी पाठवलेलं मेण उन्हाळ्यात पाघळत होतं. ते बदलून द्या आणि वर दोन किलो जास्त द्या, म्हणून मी भांडत होतो. एका हातात चिमटा, चिमट्यात तुकडा, तोंड दाराकडे. "दोन किलोच्या खाली बोलू नका!" असं म्हणत मी तुकडा मेणात सोडला. त्याला सरळ करायला चार-पाच सेकंद मिळतात. ते सेकंद मी भांडणात घालवले. त्या दिवशी मी दोन किलो मेण जिंकलो होतो.

मी बाईंना काहीच सांगितलं नाही. "उद्या या," एवढंच म्हणालो. "उद्या म्हंजे उद्या," असं बजावून त्या गेल्या. मुक्काम शोभाच्या नणंदेकडे होता.

दुपार मी यंत्रासमोर नुसता बसून काढली. खरं लिहायचं तर लिहितो: गप्प बसावं असं माझ्या मनात आलं. कोणाला कळणार होतं? रिपोर्टवर सही सरांची. सर्जन तोडून मोकळा झाला असता आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, जीव वाचला. न्हाव्याचा पोरगा इथवर पोचला, तो "सुरीला आणि हाताला तोड नाही" या एका वाक्यावर. ते वाक्य मला स्वतःच्या तोंडाने मोडायचं होतं.

सर आल्या आल्या मी वडी त्यांच्या टेबलावर ठेवली. "सर, ही आडवी बसलीय. माझ्या हातून."

सरांनी वडी बघितली. काच लावली, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता माझ्यावर भडकणार. ते एवढंच म्हणाले, "हे मलाही दिसायला हवं होतं." मग, "किती शिल्लक आहे?"

"थोडं. एकदा वितळवून उभं करता येईल. दुसऱ्यांदा नाही."

"मग एकदाच कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारं लावून घेतली. दिवसातून दोनदा वीज जायची ते दिवस. वीज गेली की मेणाचं भांडं गार होतं, म्हणून आधी वायरमनला विचारून घेतलं. सुरी दगडावर घेतली, पट्ट्यावर ओढली, परत दगडावर घेतली. तुकड्याला नखाचा एक कपचा चिकटलेला होता. नख सुरीखाली आलं की उडतं आणि बरोबर मांसही फाडून नेतं. म्हणून त्याच्याकडची बाजू साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने तासभर मऊ केली. मग वडी वितळवली, तुकडा भिंगाखाली बघून उभा केला आणि मेण थिजेपर्यंत श्वास रोखला. बाहेर आनसाबाई येऊन बसल्या होत्या. शोभाला विचारत होत्या, "आत येवडं गप का हाय? झोपला का काय?"

रिबीन आली. एकही काप फाटला नाही. सरांनी काच लावली आणि पहिल्या शब्दाआधी त्यांचा खांदा खाली आला, तेव्हाच मला कळलं.

"सीमा शाबूत आहे," सर म्हणाले. "रोग आहे. कर्करोगच आहे, पण वरच्या थरातच. ये, बघ."

मी बघितलं. वरचा थर विस्कटलेला, पेशी लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या. पण त्यांच्या खालची रेघ शेतावरच्या बांधासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. आणि वरच्या बाजूला काही पेशी विचित्र दिसत होत्या. मधला ठिपका सुरकुतलेला आणि त्याच्या भोवती रिकामं, पांढरं कडं.

"ही कडी कसली?"

"विषाणू," सर म्हणाले. "चामखिळीच्या घराण्यातला." काही दिवसांपूर्वी पुण्याच्या एका ग्रंथालयात त्यांनी वाचलं होतं की नखाभोवतीच्या अशा कर्करोगात पुष्कळदा हा विषाणू सापडतो. त्याच्या अनेक जाती आहेत. बहुतेक साध्या चामखिळी करून थांबतात, दोन-चार मात्र वाईट. आणि नखाशी जी सापडते, तीच जात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगातही सापडते. मी थक्क झालो. जंतूने ताप येतो, जुलाब होतात, हे माहीत होतं. जंतूने कर्करोग होतो, आणि तोही बोटाच्या टोकाला, हे मी प्रथमच ऐकत होतो.

पण सर्जनना पटवायचं होतं. सर म्हणाले, मी फोन करतो. मी म्हणालो, फोनवर सौदे होत नाहीत. आम्ही दोघे काच घेऊन गेलो.

सर्जन हुशार होते आणि घाईत होते. "परवा आत उतरलेला होता, आज वर आला? आणि हा एवढासा नमुना. बाकीच्या अंगठ्यात काय आहे, ते कोणाला माहीत? मी धोका का घेऊ?"

सर काही बोलायच्या आत मी बोललो. "साहेब, एक्स-रेत हाड स्वच्छ आहे. तुम्ही नख, नखाखालचं, भोवतीचं कातडं, सगळं हाडापर्यंत एका तुकड्यात काढा. वरच्या टोकाला एक टाका घालून द्या, म्हणजे मला दिशा कळेल. मी सगळा तुकडा कापतो, कडान् कडा. चार दिवसांत सर सांगतील, कुठे काही उरलंय का. उरलं असलं तर मग तोडा."

"तुझं काम कापायचं," सर्जन म्हणाले. "बघायचं नाही."

पूर्वीचा मी असतो तर टेबल उलटलं असतं. त्या दिवशी माझ्या खिशात माझी चूक होती, त्यामुळे आवाज चढेना. मी म्हणालो, "चार दिवस उशीर झाला तर भरून काढता येईल. तोडलेला अंगठा मला मेणात घालता येतो, परत बसवता येत नाही."

"आठ दिवस घ्या," सर्जन डायरी उघडत म्हणाले. "पण एकही कडा संशयाची निघाली तर मी पुढे विचारणार नाही."

"संशयाची निघाली तर तेवढीच पट्टी आणखी. दुसऱ्यांदा निघाली तर तुमचं खरं."

त्यांनी सरांकडे बघितलं. "हा माणूस बाजारात बसत नाही, हे बाजाराचं नशीब." सौदा झाला.

आनसाबाईंना मी सांगितलं, "नख जाईल. परत येणार नाही. पण ज्या बाजूने ठसा उठतो, ती बाजू राहील."

"नख घेऊन काय करायचंय मला? लसून सोलाय दुसरं हाय की," त्या म्हणाल्या. मग मुठीतला अंगठा दोन दिवसांत पहिल्यांदा सोडून त्यांनी हात मांडीवर ठेवला.

ऑपरेशन झालं. तुकडा आला, टाक्यासकट. मी त्याच्या फोडी डाळिंबाच्या दाण्यांसारख्या एकेक वेगळ्या करत मेणात बसवल्या, प्रत्येक फोड उभी. पाच दिवसांनी सरांनी सांगितलं: खोली स्वच्छ, तिन्ही कडा स्वच्छ, मनगटाकडच्या कडेला थोडा संशय. सर्जननी शब्द पाळला, तेवढीच पट्टी आणखी घेतली. ती निर्मळ निघाली. हातावरचं कातडं काढून अंगठ्याला लावलं, ते धरलं. पट्टी सुटल्यावर आनसाबाई थेट आमच्याकडे आल्या, टेबलावरच्या शिक्क्याच्या पॅडवर अंगठा दाबला आणि माझ्या नोंदवहीच्या कोऱ्या पानावर उठवला. सगळ्या रेघा जागच्या जागी. "हां, ह्योच," त्या म्हणाल्या.

सरांच्या सांगण्यावरून शोभाने त्यांना स्त्रियांच्या डॉक्टरीणबाईंकडेही नेलं. आत काही नव्हतं, पण दर वर्षी तपासायचं ठरलं. वडीचा थोडा भाग सरांनी मुंबईला पाठवला होता. काही महिन्यांनी तिथून कळलं, विषाणू सापडला, आणि तीच वाईट जात.

त्या उत्तराने माझ्या डोक्यात दुसराच किडा सोडला. वडिलांची धोकटी. तिच्यात वस्तऱ्याशेजारी नराणी असायची, नखं काढायची लोखंडी पट्टी. त्या एका नराणीने त्यांनी अख्ख्या गावाची नखं काढली होती. एकाची चामखीळ ओरबाडली जायची, रक्त यायचं, धोतराला पुसून नराणी पुढच्याच्या बोटाला. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, साध्या चामखिळी अशा पसरू शकतात, या वाईट जातीचं सांगता येत नाही. हे "सांगता येत नाही" मला झोपू देईना.

रविवारी गावी गेलो. वडील थकले होते, धोकटी धाकट्या भावाकडे गेली होती. पण हुकूम वडिलांचाच चालायचा.

"नराणी उकळायची?" ते म्हणाले. "बटाटा हाय का काय?"

मी सगळं सांगितलं, विषाणूसकट.

"उभा जलम नखं काढली. एक मानूस आला न्हाई तक्रार घिऊन."

"दादा, मेलेला कसा येईल?"

ते रागावले. माझा राग कुठून आलाय, हे त्यांच्याकडे बघून कळायचं. अर्ध्या तासाने म्हणाले, "तुज्याकडं त्यो इलायती दगड हाय न्हवं, धारंचा?"

"आहे."

"त्यो दे. उकळतो."

दगड गेला. तो सगळ्यात महागात पडलेला आणि सगळ्यात चांगला सौदा. भावाने दुकानात स्टोव्हवर पातेलं ठेवलं. गिऱ्हाइकं आधी हसली, मग दुसऱ्या दुकानात उकळत नाहीत म्हणून नाकं मुरडायला लागली.

आता माझ्या दुखण्याबद्दल. पुढच्या वर्षी सरांनी पुण्याच्या परिषदेत आनसाबाईंची केस मांडली. नखाभोवतीचा कर्करोग, मागे विषाणू, अंगठा वाचवला. टाळ्या झाल्या, छापूनही आलं. सरांचं नाव, सर्जनचं नाव, मुंबईत विषाणू तपासणाऱ्या बाईंचं नाव. ज्या काचांचे फोटो छापले, त्या काचा करणाऱ्याचं नाव नाही. मी महिनाभर सरांशी कामापुरतं बोललो. चहा वेगळा पिऊ लागलो. शेवटी सरांनीच विचारलं आणि मी जे बोललो, ते खालच्या शिंप्याने ऐकलंच असणार.

सरांनी छापील कागद पुढे केला. "वाच. कुठे लिहिलंय का, की पहिली वडी आडवी बसली होती?"

नव्हतं. एवढंच होतं की पुन्हा काप घेऊन बघता रोग वरच्या थरातच असल्याचं दिसलं.

"ज्या वाक्यात तुझं नाव यायचं, त्याच वाक्यात ती वडी आली असती. मी दोन्ही गाळलं. बोल, पुढच्या लेखात दोन्ही घालू?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. सर निवृत्त होईपर्यंत माझा विचार चालू होता. राग मात्र अजून गेलेला नाही. सरांनी मला आधी विचारायला हवं होतं, एवढं माझं म्हणणं आजही आहे. म्हणून इथे दोन्ही मी स्वतःच लिहून टाकलं. बबन हे माझं नाव आणि आडवी वडी ही माझीच.

पण ते आनसाबाईंना कुठे माहीत होतं? त्या दर वर्षी तपासणीला यायच्या, येताना शेंगा आणायच्या, "ह्यानं वाचवला आंगठा" असं जिन्यावर भेटेल त्याला सांगायच्या. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी शेंगांची पिशवी हातात घेताना ऐकवेना.

"मावशी, बसा. तुमचा पहिला रिपोर्ट माझ्यामुळे चुकला होता."

मेण, चिमटा, व्यापाऱ्याचा माणूस, दोन किलो, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. शोभाने तोंडाला पदर लावला.

"म्हंजी मी भांडाय आले नसते तर?"

"तर अंगठा गेला असता. नाहीतर तुम्ही."

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, त्यातल्या निम्म्या शेंगा ओच्यात ओतल्या आणि उरलेली पिशवी मला परत दिली. "सरांस्नी द्या," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी तपासणीला त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

आणि एका सकाळी आष्ट्याकडचा एक तरुण शेतकरी जिना चढून आला. उजव्या तर्जनीच्या नखाशी चामखीळ. बोटाला चुना लावलेला नव्हता, लिंबू नव्हतं. सरांनी बघितलं, सर्जनकडे धाडलं, तुकडा आला. साधी चामखीळ निघाली. त्याच्यानंतर त्याच बाजूची एक म्हातारी आली, मग एक शाळामास्तर. एकाच्या बोटात खरोखर रोग सुरू झालेला सापडला, हरभऱ्याएवढा. नखाची एक कडा गेली, बोट राहिलं.

पहिल्या त्या तरुणाला मी विचारलं होतं, "इथला पत्ता कोणी दिला?"

"आनसाआत्तीनं. म्हनली, भाजू बिजू नगंस, आदी दावून ये." तो जरा घुटमळला. "आनकी तुमास्नी येक निरोप दिलाय."

"काय?"

"मेनात घालताना त्वांड मिटून ऱ्हावा, म्हनली."